पल्लवीच्या आईचं स्वयंपाकघर

नोएडा,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. रेवू,

खूप आशीर्वाद. इकडची थंडी ओसरली. दुपारी गॅलरीत बसवत नाही इतकं ऊन लागतं. तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील, असं मी धरून चालते.

पाकीट बघून तुला हसू येईल. आजकाल पत्र कोण लिहितं? पण तुझा फोन हल्ली क्षिप्रा उचलते. पोरगी गोड बोलते. "आंटी, मॅम शॉटमध्ये आहेत, मी सांगते हं," म्हणते, आणि सांगतही असेल. व्हॉट्सॲपवर मी चार ओळी लिहिल्या की जोडलेले हात आणि एक लाल बदाम येतो. तो तू पाठवलेला असतो की तिने, हे मला ओळखता येत नाही. म्हणून हे स्पीड पोस्ट. पाकिटावर 'खासगी' असं लिहिलंय. तरी मॅनेजरने फोडलंच तर तिचं तिला लखलाभ.

अक्षर मोठं आलंय आणि ओळी तिरक्या गेल्यात, कारण चष्मा मोडला. नवा मिळायचाय. बाकी काही नाही.

द्वारकामावशीचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे. मंडळाचं हळदीकुंकू झालं. वाण म्हणून या वेळी स्टीलच्या गाळण्या होत्या. बायका मला बाजूला घेऊन तुझ्याबद्दल विचारत होत्या. एकीने विचारलं, "रेवतीला रात्री झोप येते ना हो, असं सगळं केल्यावर?" मी म्हटलं, तिला येते, बघणाऱ्यांना येत नाही. हशा झाला. तुझ्यामुळे आता बायका हसण्याआधी थांबून माझ्या तोंडाकडे बघतात. पूर्वी कुणी बघत नसे.

बाबा मजेत आहेत. इतक्या मजेत मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

रोज कुणी ना कुणी घर बघायला येतं. शनिवार-रविवारी खालचा गार्ड न विचारताच सांगतो, "पल्लवी वाला घर? टॉवर चार, लिफ्ट से दाएँ." कॉलेजची मुलं येतात, नवी जोडपी येतात. एकदा मेरठहून अख्खं कुटुंब आलं, आजीसकट. आधी दारावरच्या पाटीबरोबर फोटो, मग आत. बाबा चहा विचारतात. मग त्यांना स्वयंपाकघर दाखवतात.

त्या पाटीची गोष्ट तुला आठवते का? मागच्या वर्षी संक्रांतीला तू म्हणालीस, "आई, दोन दिवस घर देशील? आईचा छोटासा सीन आहे, इमोशनल." आम्ही नाहीतरी पानिपतच्या काला अंबला निघालोच होतो, मंडळाची बस दर चौदा जानेवारीला जाते तशी. मी तुमच्या युनिटसाठी डबाभर तिळाचे लाडू करून ठेवले. गॅस कुठलं बटण फिरवल्यावर लागतो ते सांगितलं. निघताना बघितलं तर तुमचा तो आर्टवाला आमच्या पाटीवर 'त्रिपाठी' असं चिकटवत होता. झालं, बाबा बिथरले. म्हणाले, "सिनेमात मराठी माणूस दिसतो तो एक तर हवालदार, नाही तर भांडी घासणारी बाई. एकदा तरी दिल्लीतलं मराठी घर दिसू दे की!" तुझा तो धवल डायरेक्टर हसला. "अंकल, परफेक्ट है. रियल है." आणि तोपर्यंत पल्लवी त्रिपाठी असलेली तुझी नायिका पल्लवी हुपरीकर झाली.

अख्ख्या दिल्लीत, नोएडात, गुडगावात शोधून हुपरीकर आडनावाची दुसरी पाटी सापडायची नाही. ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही तर बसमध्ये सगळ्यांना पेढे वाटत गेलो.

आणि मीही कमी नव्हते. सिनेमातली तुझी आई म्हणून त्या मंडी हाऊसच्या नाटकवाल्या वीणाजी आल्या होत्या. त्यांना माझी हिरवी इरकल मीच दिली. निऱ्या मीच काढून दिल्या. मुलगी बाहेर निघाली की दही-साखर तळहातावर कशी ठेवायची, चमच्याने भरवायची नाही, हेही मीच शिकवलं. त्या म्हणाल्या, "दीदी, कितना प्यारा है ये." मला वाटलं, माझी लेक पडद्यावर दही-साखर खाऊन कामाला निघणार.

ती कसल्या कामाला निघणार, ते मला दिवाळीत मॉलमधल्या थिएटरात कळलं. मंडळाने दोन रांगा घेतल्या होत्या. सिनेमा सुरू होण्याआधी अध्यक्ष भाऊसाहेबांनी आमचा दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, टाळ्या झाल्या. 'पल्लवी ऑन एअर' म्हणजे न्यूज चॅनलमधल्या हुशार मुलीची गोष्ट, एवढंच आम्हाला ठाऊक. मग वीणाजींनी दही-साखर पुढे केली आणि तू त्यांचा अंबाडा धरलास. मी पदर डोळ्यांवर घेतला तो शेवटपर्यंत. भाऊसाहेबांच्या मांडीवरचा उरलेला एक नारळ गडगडत पार पडद्याखाली गेला, कुणी उचलायला गेलं नाही. म्हणजे खरं सांगायचं तर तुझा सिनेमा मी अजून पाहिलेला नाही. ऐकलाय.

असो. तू नाव काढलंस. मी रागावलेली नाही.

दुसऱ्या भागाचे कागद क्षिप्राने पाठवलेत. घर पुन्हा हवं आहे, आणि फ्लॅट माझ्या नोकरीवर मिळालेला, माझ्या नावावर, म्हणून सही माझी लागते. वाचून कळवते. घाई करू नकोस.

बाबांशी फोनवर बोललीस तर माझा विषय काढू नकोस. ते कामात असतात.

तुझी
आई

---

गाझियाबाद,
३ मार्च २०२५

प्रिय रेवू,

वर गावाचं नाव बदललेलं तुझ्या लक्षात आलं असेल. मागचं पत्रही मी इथूनच लिहिलं होतं. नोएडा मुद्दाम लिहिलं. मी द्वारकामावशीकडे आहे, तिच्या वैशाली भागातल्या घरी. तब्येतीचं काही नाही, घाबरू नकोस. आधी पूर्ण वाच.

तुला सगळं सांगायचं, तर बाबांपासून सुरुवात करावी लागेल.

तू लहान असताना मंडळाच्या गणपतीतली नाटकं आठवतात ना? बाबा कुठे असायचे? विंगेत, प्रॉम्प्टिंगची वही घेऊन. तीस वर्षं. सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ, पण स्टेजवर कुणी कधी बोलावलं नाही. मंत्रालयातही तेच. टिपणी यांनी लिहायची, खाली सही साहेबाची. निवृत्तीच्या दिवशी समारंभात साहेबाने त्यांचं आडनाव चुकीचं घेतलं, तरी हे हसून टाळ्या वाजवत होते.

त्या माणसाच्या दारात एके दिवशी चार पोरं येऊन म्हणाली, "सर, आप पल्लवी के रियल फादर हैं? एक सेल्फी?" मी स्वतः आतून बघितलं, रेवू. ते आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

सुरुवातीला नुसतं सांगायचे. इथे ती उभी होती, इथे कॅमेरा. तू नसताना त्यांनी धवलकडून सगळं विचारून घेतलं होतं. मग सोफ्यावरचा लोड घेऊन दाखवायला लागले. पोरं व्हिडिओ काढायची, टाकायची, त्याखाली लिहायची, 'मम्मी मर्डर वाले अंकल.' बाबा मला वाचून दाखवायचे. मग एक दिवस म्हणाले, "कुमुद, लोडाला काही मजा येत नाही. जरा दोन मिनिटं उभी राहतेस?"

मी उभी राहिले. म्हटलं, तेवढंच ना. पाठमोरं उभं राहायचं, हातात वाटी धरायची, ते मागून येणार, मी "पल्लवी बेटा" म्हणायचं आणि खाली बसायचं. पोरं टाळ्या वाजवायची. काहींनी वाकून नमस्कारही केला. मग इरकल नेसायची फर्माईश आली. मग दही खरंच हवं, रिकामी वाटी कॅमेऱ्यात कळते. मी फोडणीला मोहरी टाकली की बेल वाजायची, गॅस बंद करायचा, साडी बदलायची, मरायचं, परत गॅस लावायचा. हसू नकोस. त्या दिवसांत मलाही कधीकधी हसू यायचं.

तो दिवस रविवार होता. ग्रेटर नोएडाच्या कुठल्याशा कॉलेजची पोरं. बाबांनी नेहमीसारखं करून दाखवलं. एक पोरगा म्हणाला, "अंकल, थोड़ा रियल कीजिए ना. ये तो गरबा लग रहा है." बाकीची खिदळली. बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता, मी पाठमोरी होते. त्यांनी माझा अंबाडा धरला, तुझ्या त्या सीनमध्ये धरतात तसा, आणि ओढला. खाली दही सांडलेलं होतं. माझा पाय सरकला आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. चष्मा तिथेच तुटला. काच भुवईत गेली.

डोळ्यांत रक्त उतरलं होतं, त्यामुळे मला दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. पोरं ओरडली, "ओह भाई, ओह भाई!" आणि त्यावर बाबांचा आवाज आला.

"आया क्या? पूरा आया?"

मग त्यांना कळलं. मी खोटं सांगणार नाही, डोळे पुसून बघितलं तर तोंड पांढरंफटक पडलं होतं त्यांचं. टॉवेल आणला, बर्फ आणला, पोरांना हाकललं, रिक्षा करून मला डॉक्टरकडे नेलं. टाके घालताना माझा हात घट्ट धरून उभे होते. पण बाहेर बाकावर औषधांसाठी बसलो होतो, तेव्हा त्या पोरांनी पाठवलेला व्हिडिओ त्यांनी आवाज बंद करून बघितला. मग परत बघितला. घरी येताना रिक्षात हळूच म्हणाले, "तसं चांगलं आलंय गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची पोळी-भाजी करून ठेवली, दोन साड्या पिशवीत भरल्या, मेट्रो पकडली, यमुना बँक स्टेशनवर गाडी बदलली आणि इथे आले. द्वारकाने दार उघडलं, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "आत ये. चहात साखर किती घालू ते तेवढं सांग, बाकीचं नंतर सांग." इतक्या वर्षांचा ऑफिसचा शेजार, त्याला अर्थ असतो.

काल बाबा आले होते. तुला त्यांची बाजूही कळायला हवी, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "कुमुद, हे नाटक किती दिवस चालायचं?"

स्वयंपाकघरातून द्वारका म्हणाली, "नाटक तुमच्याकडे असतं, भावजी. आमच्याकडे नुसती भाकरी."

"द्वारकाबाई, तुम्ही मधे पडू नका."

"मी कुठे पडले? पडली ती."

बाबा मला म्हणाले, "लोक विचारतात, मम्मीजी कुठे आहेत. मी काय सांगू?"

"सांगा, माहेरी गेल्या."

"साठीनंतर कसलं माहेर!" आणि मग त्यांचा आवाज बदलला. "आयुष्यभर विंगेत बसून दुसऱ्यांना वाक्यं दिली मी. आता कुणी तरी मला विचारतं, अंकल, आगे क्या हुआ? तेवढंही तुला बघवत नाही का?"

"तुमचं कौतुक बघवतं मला," मी म्हटलं. "रोज रोज मरणं होत नाही."

त्यांनी मान खाली घातली. डोळे भरले होते. मला वाटलं, आता म्हणतील, चूक झाली, चल घरी. खिशातून त्यांनी क्षिप्राचे कागद काढले. "सही तरी कर. रेवूचं काम अडलंय."

मी सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही. तुझ्याशी बोलल्याशिवाय नको, म्हटलं.

तर आता तू सांग. त्या घरात परत दिवे लागले, कॅमेरे लागले, तर हे थांबायचं नाही, वाढेल. तू एकदा त्यांना म्हणालीस, "बाबा, बस," तर ते ऐकतील. माझं नाही ऐकत, तुझं ऐकतात. तू आता त्यांची डायरेक्टर.

आणि एक. तो व्हिडिओ फिरतोय म्हणतात. कुणी पाठवला तर उघडू नकोस. आपली आई पडताना बघणं बरं नाही. इतके दिवस मी गप्प राहिले ते एवढ्यासाठीच. तुझं काम चालू आहे, तुला हा घोर कशाला.

वाट पाहते.

तुझी
आई

---

गाझियाबाद,
१६ मार्च २०२५

रेवती,

परवा होळीच्या दिवशी कुरियर आलं. बाबांनी इथला पत्ता दिला असावा. कागद, पेढ्यांचा बॉक्स, आणि तुझ्या हातची चिठ्ठी. अक्षर ओळखलं म्हणून आधी उराशी धरली, मग वाचली.

तुलाच तुझं लिहिलेलं परत पाठवण्यात अर्थ नाही, पण कदाचित घाईत लिहिलं असशील, म्हणून उतरवते: "आई! बाबांनी पाठवलेला व्हिडिओ आम्ही ऑफिसमध्ये मोठ्या स्क्रीनवर पाहिला. सगळे उभे राहिले. धवल म्हणतो, पार्ट टूमध्ये मम्मी परत येते, ती हीच हवी. तू इतकी भारी ॲक्टिंग करतेस हे मला कधी माहीतच नव्हतं! तो पडायचा शॉट तर कमाल आहे. बाबा म्हणाले, तू तयार आहेस. सही करून दे ना पटकन, प्लीज. लव्ह यू."

खाली तारीख आहे. माझं दुसरं पत्र तोवर तुझ्यापर्यंत पोचलं नव्हतं, हे मी द्वारकाला ठामपणे सांगितलं. ती म्हणाली, "मग आता तरी पोचलं असेल ना?" मी म्हटलं, क्षिप्राच्या टेबलावर असेल. त्यावर तिने काही म्हटलं नाही. द्वारका काही म्हणत नाही तेव्हा मला जास्त लागतं.

मी ठरवलं, तुझा सिनेमा बघायचा. पूर्ण. दुपारी द्वारकाच्या टीव्हीवर लावला. ती शेजारी मटार सोलत बसली होती. तो सीन आला तेव्हा तिने मला विचारलं, "बंद करू?" मी नको म्हटलं. या वेळी पदर घेतला नाही.

तू काम फार चांगलं केलंस, रेवू. हे मी तुला सांगितलंच नव्हतं, कारण मला माहीतच नव्हतं. आईला मारून झाल्यावर पल्लवी रडत नाही, पळत नाही. माझ्या पोळ्यांच्या डब्याच्या झाकणात बघून केस नीट करते, माइक हातात घेते आणि बोलायच्या आधी एक क्षण कॅमेऱ्याकडे बघते, लाल दिवा लागलाय ना म्हणून. मग म्हणते, "मैं पल्लवी हुपरीकर, सबसे पहले, मेरे अपने घर से." त्या एका क्षणाला माझ्या अंगावर काटा आला. ती नजर मी दिवाळीपासून आमच्या घरात रोज बघत होते. बाबांना कुणी ती शिकवली नव्हती.

पुढे तू आणखी किती जणांना मारतेस ते मी मोजलं नाही. प्रत्येकाची बातमी आधी तुझ्या चॅनलवर, आणि दर वेळी तुझी खुर्ची कॅमेऱ्याच्या जवळ जवळ. लोकांना हे आवडलं यात नवल नाही. शेवटी ती एकटीच स्टुडिओत बसते, आणि बातमी द्यायला कुणी उरलेलंच नसतं. द्वारका म्हणाली, "कुमे, पोरीने मुद्दा बरोबर मांडलाय गं." मीही तेच म्हणते. सिनेमात तुम्हाला सगळं बरोबर कळलंय.

आता तुला एक सांगायचंय. ते सांगायला मी हे दोन दिवस घेतले.

फेब्रुवारीत, मी इथे आले त्याच आठवड्यात, मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. वीणाजींचा. त्यांनी तो व्हिडिओ बघितला होता, कुणाकुणाकडून माझा नंबर मिळवला होता. नमस्कार नाही, काही नाही. एकदम म्हणाल्या, "दीदी, बहुत लगी क्या?" मी म्हटलं, नाही हो, ते आपलं असंच, मस्करीत. त्या म्हणाल्या, "मुझसे मत कहिए. मैं चालीस साल से स्टेज पर गिर रही हूँ. नाटक में गिरने वाला पहले अपने हाथ बचाता है. आपने कटोरी बचाई." फोन ठेवताना म्हणाल्या, "अपनी बेटी को बताइए."

खरंच, वाटी माझ्या हातात तशीच होती. घरातली चांगली वाटी, म्हणून मी ती सोडली नव्हती.

त्या बाईंनी मला आयुष्यात एकदाच पाहिलंय, निऱ्या काढायला. त्यांना कळलं. तू मोठ्या स्क्रीनवर पाहिलंस, माझी भुवई त्या स्क्रीनवर हाताएवढी दिसली असेल, आणि तुला वाटलं आई किती छान करते. मी तुला दोष देत नाही. रोज रक्त बनवणाऱ्यांच्या गावात राहतेस, तिथे सगळंच सरबत वाटत असेल. पण मग मला प्रश्न पडतो, की मी उद्या खरंच गेले, तर त्या बातमीलाही तू उभी राहून टाळ्या वाजवशील का? हे लिहायला नको होतं. लिहिलं. खोडत नाही.

तर माझं उत्तर. सही होणार नाही. घर मिळणार नाही, दुसऱ्या भागाला नाही, तिसऱ्याला नाही. मी काम करणार नाही. कागद सोबत परत पाठवतेय, बिनसहीचे. धवलला सांग, मम्मी परत येत नाही. तुझं काम अडेल हे मला कळतं. सेट उभारता येतो म्हणे, आमच्यासारखंच स्वयंपाकघर तुम्ही फिल्म सिटीत दोन दिवसांत बांधाल. ते बांधा. तिथे काय करायचं ते करा.

मी पाडव्याच्या आधी घरी जाणार आहे. काल बाबांना फोन करून सांगितलं, मी येते, पण आता दार कुणासाठी उघडायचं नाही. दोघंच राहू, जेवू, संध्याकाळी खाली फिरू. बाबा म्हणाले, "म्हणजे आता कुणी येणारच नाही?"

मी म्हटलं, "मी येतेय ना."

"तसं नाही गं," ते म्हणाले.

एवढंच. मी फोन ठेवला. तरी जाणार आहे. घर माझं आहे, तिथे मला आमटीला फोडणी द्यायची आहे आणि ती देऊन होईपर्यंत कुणी बेल वाजवू नये, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा आहे. बाबा माझ्याबरोबर तिथे राहतील की त्या पोरांच्या मागे जातील, मला माहीत नाही. द्वारका म्हणते, चार दिवसांत वळणावर येतील. मला तशी खात्री नाही. लोकांनी एकदा बघायला सुरुवात केली की मग कुणी बघत नसेल तेव्हा माणूस स्वतःलाही दिसेनासा होतो, हे मी त्यांच्यात पाहिलंय. तुझ्यात पाहायचं नाही, म्हणून हे सगळं.

माझं एक मागणं आहे. मला फोन कर. क्षिप्राच्या नाही, तुझ्या स्वतःच्या हाताने. व्हिडिओ नको, नुसता आवाज. मी फोन उचलेन आणि नेहमीसारखी म्हणेन, "मी बरी आहे, तू कशी आहेस?" मी ते खरं म्हणतेय की खोटं, एवढंच तू मला सांगायचंस. तुला ते ओळखता आलं, तर पुढचं सगळं आपण बोलू, मनात असेल ते भांडूही. नाही आलं, तर मात्र त्या दिवशी तू खरंच मला ओट्यापाशी मारून पुढे गेलीस, असं मी समजेन आणि कुणाला सांगणार नाही.

सध्या तरी तुझीच,
आई